अळंबीवाल्यांत एक कवळीवाला

…नाही, मला एक सांगा, ज्या घराला मालकच नाही तिथं दाद मागायची कुणाकडे? सांगा ना! हसताय काय? हसा, पण बेतानं हसा, मी कवळ्या करतो, माझं लक्ष आधी दातांकडेच जातं. त्या मागच्या ओळीतल्या काकूंची वरची कवळी सैल आहे. असो. ज्यानं केली त्याचं तो भोगेल.

तर तुम्हाला सांगतो, चाळीस वर्षं झाली, डॉक्टर माप पाठवतात, मी प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो, घासून चकचकीत करून पाठवतो. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, माझं भरलं. ताईची कवळीसुद्धा मीच केली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, हिनंच मला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, तापात उशाशी बसली. तर तिनं हौसेनं नव्या कवळीतला फोटो टाकला, त्या मोठ्या साइटवर, जिथं सगळं जग पडीक असतं, आणि मी खाली लिहिलं, "ताई, तोंड एवढं उघडू नकोस, माझ्या धंद्याचा प्रश्न आहे!" गंमत हो! एकशे चाळीस लोक हसले! ती तेवढी हसली नाही. संध्याकाळी माझ्या दारात डबी, डबीत कवळी, वर चिठ्ठी: "घे तुझा धंदा." संपलं! दोन वर्षं फोन नाही, दार उघडत नाही. आणि नवी कवळी कुणाकडून करून घेतली? पुलापलीकडच्या टकल्याकडून! अहो, बोलणं टाकलं ते मी समजू शकतो, पण टकल्याकडून?

बायको म्हणाली, "जा, माफी मागा. जगात तुम्हाला सहन करणारी दोनच माणसं होती, त्यातली एक मी, आणि माझं काही खरं नाही." पण मागायची कुठं? भाची म्हणाली… भाची म्हणजे ताईची मुलगी, दवाखान्यात एक्स-रे काढते, त्यामुळे माणसाच्या आरपार बघायची सवय… "मामा, आईनं ती मोठी साइट सोडली. आता ती दुसरीकडे असते. तिथं छोटे छोटे सर्व्हर, ज्याचं त्याचं घर वेगळं, पण या घरातून त्या घरी बोलता येतं. आणि मुख्य म्हणजे, तिथं मालक कुणी नाही!" काय तेज चेहऱ्यावर! मालक कुणी नाही! मी म्हटलं, मग केर कोण काढतं?

ताईचा सर्व्हर विणकामवाल्यांचा. मी म्हटलं, तिथंच जाऊ. तर दारातच फॉर्म! "आपल्याला इथे का यायचे आहे?" मी आपलं सरळ लिहिलं, "तिथं एक बाई आहे, ती माझ्याशी बोलत नाही, तिला गाठायचंय." नऊ मिनिटांत नकार! तो सर्व्हर एक निवृत्त ग्रंथपाल बाई चालवतात, घरातल्या कपाटात ठेवलाय म्हणे. "आमच्या सभासदांची सुरक्षितता आम्हाला महत्त्वाची वाटते." अहो, मी तिचा भाऊ! पण ऐकणार कोण? मालकच नाही हो तिथं!

भाचीनं यादी काढली. शेकडो सर्व्हर! जुन्या सायकलींचा, पाली पाळणाऱ्यांचा, नास्तिकांचा, दुसऱ्या नास्तिकांचा… सगळीकडे तोच प्रश्न, का यायचंय? शेवटी अळंबीवाल्यांनी घेतलं. मी लिहिलं होतं, "ओल्या जागी काय उगवतं याचा चाळीस वर्षांचा अनुभव." खोटं काय त्यात? न धुतलेल्या कवळ्या तुम्ही पाहिल्या नाहीत!

आत गेलो. सामसूम! मोठ्या साइटवर शिंकलं तरी चार जण भांडायला येतात, इथं मी "नमस्कार" लिहिलं तर तीन दिवस कुत्रं फिरकलं नाही. मग एका कवळीचा फोटो टाकला, चांगली जमली होती. आले! एक जण, अगदी मऊ आवाजात, "मित्रा, स्वागत. चित्राचं वर्णन लिहिलं नाहीस, ज्यांना दिसत नाही त्यांनी काय करायचं?" पटलं हो मला! लिहिलं, "दात." दुसरी आली, "फक्त दात? कुणाचे? कसे?" तिसरा आला, "आधी इशारा द्यायला हवा होता, मला जेवताना दात बघवत नाहीत." मग जेवतो कशानं हा माणूस? पण गप्प बसलो, तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा गप्प बसलो. ताईसाठी!

मग भाचीनं पत्ता लिहायला शिकवलं. "मामा, नुसतं नाव चालत नाही. माणसाचं नाव आणि त्याच्या सर्व्हरचं नाव, पूर्ण लिहायचं, म्हणजे त्याच्यापर्यंत पोचतं." तिचं हे वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

लिहिला पूर्ण पत्ता, आणि सापडली! ताई! लोकरीचे मोजे विणून फोटो टाकत होती. मी लिहिलं, "ताई, चुकलो. माझी जीभ वाईट आहे, मी तेवढा नाही." पाठवलं, आणि बघतो तर हातातला मेणाचा साचा दाबून वाकला होता. दुसऱ्या दिवशी उत्तर. "बरं. रविवारी जेवायला ये. दातांचा विषय काढायचा नाही." रडलो हो मी! प्लास्टरच्या पोत्यावर बसून रडलो!

आता इथं थांबायचं की नाही माणसानं? पण जित्याची खोड! दुपारी डबा खाता खाता तिचा फोटो पाहिला, हसतेय, टकल्याच्या कवळीत. राहवेना. भाचीला खासगी निरोप लिहिला, खासगी हं! "तुझ्या आईचे दात बघितलेस? टकल्यानं बहुतेक घोड्याचं माप घेतलं. रविवारी तिच्यासमोर जेवायचं म्हणजे मला तबेल्यात बसल्यासारखं वाटणार." आणि "तुझ्या आईचे" नीट कळावं म्हणून… शिकवलंय ना, पूर्ण लिहायचं… ताईचा पूर्ण पत्ता टाकला.

खासगी म्हणजे काय, तर ज्याचा ज्याचा पत्ता आत लिहिलाय त्या प्रत्येकाला पोचतं! उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि थेट ताईच्या घरी पोचती केली! भाचीचा फोन, "मामा, तू काय केलंस?" मी म्हटलं, पुसतो! पुसलं! माझ्याकडून गेलं. "पण आईच्या सर्व्हरवर त्याची प्रत आहे. तिकडे पुसायची विनंती जावी लागते." मग जाऊ दे की! "जात नाहीये. तिनं तक्रार केली, आणि ग्रंथपाल बाईंनी तुमचा आख्खा सर्व्हरच आपल्यापासून तोडून टाकला."

आख्खा! माझ्या एकट्याच्या जिभेपायी चारशे अळंबीवाले विणकामवाल्यांना मेले! त्यात एक म्हातारा होता, तो अळंबीत, त्याची बायको विणकामात, दोघं दोन खोल्यांत बसून इथंच बोलायची, समोरासमोर त्यांचं पटत नसे. आता त्याला उठून तिच्या खोलीत जावं लागतं. त्यानं मला जे लिहिलं ते मी बायकांपुढे सांगत नाही.

मग अळंबीवाल्यांची सभा. तोच मऊ आवाज, "मित्रा, आम्हाला तुझ्याबद्दल राग नाही. बाहेर हो." मी म्हटलं, वरच्याला बोलवा! "मित्रा, इथं वर कुणी नाही."

रविवारी ताईच्या दारात उभा राहिलो. आत ताटं वाजत होती. दार उघडलं नाही. घंटा चार वेळा वाजवली, पाचव्यांदा वाजवायला लाज वाटली.

आता भाचीनं मला माझा स्वतःचा सर्व्हर काढून दिलाय. कारखान्यात, प्लास्टरच्या फळीवर गुणगुणत असतो. सभासद एक. मी. आठ दिवस मी लिहिलं, मीच वाचलं. नवव्या दिवशी पहिली मागणी आली, "तुमचं लिखाण वाचत राहू इच्छितो." कोण? टकल्या! तो दातवाल्यांच्या सर्व्हरवर आहे म्हणे. घेतला. काय करता, बोलायला कुणीतरी हवं ना!

काल त्यानं फोटो टाकला, "समाधानी ग्राहक." ताई. तोंड भरून हसतेय, आई होती तेव्हा हसायची तशी. खाली वर्णन नाही! मी मऊ आवाजात लिहिलं, मित्रा, वर्णन लिही. तो म्हणाला, "मला जमत नाही, तुम्हीच द्या."

दिलं. "एक बाई. माझी थोरली बहीण. हसते आहे. कवळी उत्तम बसली आहे." पाठवलं, आणि मग भानावर आलो. टकल्याचं काम उत्तम म्हणून चारचौघांत लिहून दिलं, मी! पुसायला गेलो, तर त्यानं ते आधीच त्याच्या दुकानाच्या पाटीवर रंगवून घेतलं होतं, खाली माझं नाव आणि माझा पूर्ण पत्ता… पाटी तेवढी ताईच्या खिडकीतून दिसते म्हणे. बघते का, ते कुणी सांगत नाही.