शालूची जर

दिल्लीत मयूर विहारला मेट्रोत चढलेल्या मायलेकी मराठीत बोलू लागल्या, तसे शेजारच्या कुमुदताईंचे कान टवकारले. डोळे मात्र त्यांनी मोबाइलवरच ठेवले.

"आई, तुझ्या शालूच्या जरीबद्दल एक सांगायचंय."

"सोन्याची निघाली ना? एवढं मोठं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप खोटं बोलेल?"

"ते खरंच बोललं. चुकले मी. आमच्या लॅबमध्ये कुठलाही नमुना बघायच्या आधी त्यावर सोन्याचा पातळ थर चढवतात. चित्र स्वच्छ येतं."

"मग?"

"सवयीने मी तुझ्या धाग्यावरही चढवला. मशीनला दिसलं ते आमचंच सोनं."

"अच्छा. म्हणजे माझी जर खोटी?"

"तेही माहीत नाही. दुसरा धागा दे. या वेळी थर न चढवता बघते."

कुमुदताईंनी मोबाइलवर उगाच बोट फिरवलं.

"काही नको. सासूबाईंनी दोघी सुनांना एकेक शालू दिला. प्रभा लग्नापासून म्हणतेय, खरी जर माझ्याच शालूची. काल मी फॅमिली ग्रुपवर टाकलं, आमची जर खरी, विज्ञानाने सिद्ध झालं म्हणून."

"आई, यार. आत्ता आपण नोएडाला तिच्याचकडे जेवायला चाललोय. काकूला खरं सांगावं लागेल."

"सांगू की. जेवणं झाल्यावर."

"नक्की?"

"बिल्कुल. पण त्याआधी तिच्या शालूचा एक धागा मागून घे."

"कशाला?"

"तपासायला. आणि त्याच्यावर मात्र सोनं चढवू नकोस."