मोटरबोटीची पाठ

आमी मूळचे बुरोंडीचे, होड्या बांधणारे सुतार, आन् मी माझ्या बापसाची थोरली लेक. लगीन झालं, नवरा तापानं गेला, मी परत माहेरी आले. मग काय करणार, कापसाच्या वाती वळायच्या, राळेत बुडवून, पाणी शिरू नये म्हणून होडीच्या फळ्यांच्या फटींत ठोकायच्या, ते काम माझं. पण होडी पाण्यात सोडायच्या दिवशी मला घरात बसवायचे, विधवेची सावली नको म्हणून. बापूस काय बोलायचा नाय. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

तर केळशीच्या एका शेठना मोटरबोट हवी झाली, हौसेची, चार माणसं बसवून खाडीत धावायला. इंजान मुंबईहून आलं. बापसानं जुना साग निवडला, तेल पाजून पाजून असा घासला की त्यात तोंड दिसावं. काय सांगू तुमाला, नवरीसारखी दिसत हुती. पण बांधली त्यानं शिडाच्या होडीसारखी, मागं निमुळती, हाताला तीच सवय ना. नारळ फुटला, इंजान सुरू झालं, बोट जोरात निघाली नि मागचं टोक खाली बसलं, पाणी आत. इंजानाबरोबर आलेला मुंबईचा फिटर म्हणाला, मिस्त्री, हिला पाठ रुंद लागते, सपाट, हे टोक कापा. शेठ म्हणाले जमत नसेल तर मी मुंबईहून तयार बोट आणतो.

आता पूजा झालेल्या होडीला आमच्यात करवत लावत नायत, ती आई झाली. करवत दोघांनी ओढायची, पण एक गडी पुढं येईना. बापसाचं जेवणावरचं मन उडालं. माझी आई त्याला म्हणाली, अवो, लेक लग्नात दिलीत तवा एवढा इचार केला नव्हतात. मग एका सकाळी तो मला म्हणाला, ये गो, धर दुसरं टोक.

माझ्या जिवाला लागलं. म्हटलं, मी आधीच अपशकुनी, म्हणून मला बोलावतोस काय. तो करवतीकडं बघतच म्हणाला, नाय गो, तुझा हात सरळ चालतो, गड्यांचा वाकडा जातो. एवढंच. मी रडत रडत करवत ओढली. तो पण रडत हुता, घाम म्हणून पुसत हुता.

मागच्या फळ्या फाकवून नवी रुंद पाठ बसवली, आन् बोट सोडताना नारळ त्यानं माझ्या हातात दिला. भावकी तोंड फिरवून गेली, जाऊ दे. बोट अशी सुटली की पोरं काठानं धावत सुटली. शेठ बापसाला आत बसवायला लागले तर म्हणतो कसा, लेकीला न्या.

आता शेठच्या नातवानं ती सांभाळलीय, तशी बोट कुठं उरली नाय म्हणतात, लांबलांबनं लोक बघायला येतात. मला डोळ्यांनी दिसत नाय. परवा त्यानं मला नेलं, मी तिच्या पाठीवरनं हात फिरवला, जोड कुठं हाय ते बोटांना लागेना. माझा बापूस कुणाला बरं म्हणणारा माणूस नव्हता. मला एकदाच म्हणाला, तुझा हात सरळ चालतो म्हणून, तेवढ्यावर माझं आयुष्य निघालं. तुमचंही भलं होवो बाबांनो, सुखी ऱ्हावा.