दोघांना चालेल असा कॅमेरा

(अमेरिकेतल्या चँडलरमधलं सुमंतरावांचं घर. सामान बांधून झालंय. दुपारी त्यांची मुलगी ऋता त्यांना कायमचं फ्रिस्कोला नेणार आहे. शेजारचे गुरुदत्त आणि सुचित्रा निरोपाला आलेत.)

गुरुदत्त : फिरतच नाहीये. कॅमेऱ्याची डायल हिरव्या ऑटोवर अडकलीय. हे लाल काय आहे, सुचित्रा?

सुचित्रा : कुंकू. काल खंडेनवमी होती. तुमचा स्टेथोस्कोप आणि कॅमेरा पाटावर मांडले होते.

गुरुदत्त : मग स्टेथोस्कोपला लावायचं. तो रिटायर झालाय.

सुचित्रा : दोघांना लावलं. ऑटोवर फोटो निघतो ना?

गुरुदत्त : निघतो. कुणीही काढू शकतं. तोच तर प्रॉब्लेम आहे.

सुचित्रा : घेताना काय म्हणाला होतात? हा दोघांना चालेल, नवशिक्याला आणि मुरलेल्यालाही. सात वर्षं झाली, नवशिक्याला हात लावू दिला नाहीत.

ऋता : काका, मी बाबांसाठी अल्बम करतेय. त्यांना नावं आठवत नाहीत, सो प्रत्येक फोटोखाली नाव लिहितेय. तुमचा एकही फोटो नाहीये.

गुरुदत्त : असणार कसा? बत्तीस वर्षं सगळे मीच काढलेत.

ऋता : आय नो. पण सकाळी ते विचारत होते, रोज येतो तो माणूस कोण.

गुरुदत्त : म्हणजे मी.

ऋता : हो. सॉरी, काका.

गुरुदत्त : सॉरी काय त्यात. डॉक्टर आहे मी, हे होणार माहीत होतं. तरी वाईट वाटतं.

सुचित्रा : आणा तो कॅमेरा इकडे. तुम्ही सुमंतभाऊजींच्या शेजारी बसा.

गुरुदत्त : मागे खिडकी आहे. चेहरे काळे येतील.

सुचित्रा : ते कॅमेरा बघून घेईल. बसा.

गुरुदत्त : बटण आधी अर्धं दाब. जरा थांब, मग पूर्ण.

सुचित्रा : बोलू नका, तोंड उघडं येतं. सुमंतभाऊजी, इकडे बघा. हं, झालं.

ऋता : बघू? काकू, मस्त आलाय. बाबा हसतायत.

गुरुदत्त : वाकडा आलाय.

सुचित्रा : तुम्हीच वाकडे बसलात.

गुरुदत्त : बरं, राहू दे.

ऋता : खाली काय लिहू, काका? डॉक्टर गुरुदत्त?

गुरुदत्त : नको. 'गुर्‍या' लिही. तो एकटाच मला तसं म्हणायचा.