कार्डाले ड्रायव्हर

ड्रायव्हरावाचून कार्ड छापून होत नाही, हे मले दिग्रसच्या सलीमभाईच्या प्रेसमंधी समजलं. कापसानं साऱ्यांले रडवलं, त्याच साली माह्या पोरीचं लग्न निघालं. लग्न तोंडावर आलं, म्हणून पत्रिकेचे कार्ड छापाले गेलतो. पाह्यतो तं कम्प्युटरवर अक्षरं भोपळ्याएवढी, अन् गणपती निळा!

सलीमभाई कपाळ धरून म्हणे, "काका, कालच नवी सिस्टीम टाकली. आपलं ग्राफिकचं कार्ड पडलं जुनं. जुन्या कार्डाले थे सिस्टीम ड्रायव्हरच देत नाही."

मले वाटलं, पत्रिकेच्याच कार्डाचं बोलून राह्यला. म्हणलं, "एवढंच ना? पोरीचा मामा यष्टीत ड्रायव्हर हाये. आत्ता आणतो."

सलीमभाई पोट धरून हसला. त्याचा ड्रायव्हर म्हंजे कम्प्युटरातलं कार्ड चालवाचं सॉफ्टवेअर, हे मले मागून समजलं. मी मात्र स्टँडावरून मामाले घेऊनच आलो. त्याची यवतमाळची फेरी निघाचीच होती. थे आयकल्यावर सलीमभाईचं हसू थांबलं. त्यानं पत्रिकेचा मजकूर मामाच्या हाती देला अन् यवतमाळात आपल्या भावाच्या प्रेसले फोन लावला.

संध्याकाळच्या फेरीले मामा कार्डाचा गठ्ठा घेऊन उतरला. गणपती लालबुंद!

म्हणलं, "सलीमभाई, तुमची सिस्टीम नसंल देत ड्रायव्हर, आपली यष्टी देते."