उबेचं पाणी

दाभोशाच्या पोशीकाकीनं जव्हारच्या टपालकचेरीच्या खिडकीत घोंगडी ठेवली, तेव्हा वझे कारकून मनातल्या मनात वैतागले. घोंगडी जायची होती थेट नॉर्वेच्या बंदरात, बोटीवर कोळसा ओढणाऱ्या तिच्या लहान्याला. तिच्या मागे देवजी उभा होता, दहा वर्षं बोटीवर काढून परतलेला.

“काकी, घोंगडी कशाला? ते बंदर मी बघितलंय.”

“तठं बर्फ असतो म्हणं. पोर गोठल माझं.”

“बर्फ डोंगरावर. बंदराचं पाणी गोठत नाही. दर्याच्या पल्याडच्या काठाला, तेवढ्याच उत्तरेला, पाणी गोठून दगड होतं. ह्या काठाला बोटी चालतात.”

“असं कसं रं?”

“उन्हाच्या मुलखातलं पाणी दर्यातनं नदीवानी तिकडं वाहत जातं. वारा त्याच्यावरून येतो, तो ऊब घेऊनच येतो.”

“म्हंजे पौषात पहाटे आपली नदी वाफाळते, तसं. बाहेर हात काकडतात, पाण्यात घातले की बरं वाटतं.”

“काकी, मला हे समजवायला बोटीवरच्या सारंगाला दोन दिवस लागले होते!”

“एवढ्या लांबून येऊन ते माझ्या पोराला ऊब देतं?”

“देतं.”

काकीनं घोंगडी अंगावर घेतली आणि पदराची गाठ सोडली. आत नव्या भाताचे मूठभर दाणे होते.

“मग दादा, हे पाठवा. ऊब देणाऱ्याला निवद दाखवल्याबिगर नवं भात आम्ही खाऊ कसं?”

“कुणाला पाठवू? लहान्याला?”

“पाण्याला.”

वझे हसणार होते, पण त्यांनी टाक उचलला.

“पत्ता काय लिहू?”

“देवजी, आपली नदी कुठं जाते रं?”

“दर्याला.”

“मग तिकीट कशाला?”