आजचंच माप

तर मूर्ख मीच, मास्तर, तुमच्या कात्रीचा काही दोष नाही — हसू नका... बरं, हसा — मीच म्हणाले होते ना, कमरेत चांगला कमी शिवा, लग्नापर्यंत मी तेवढी बारीक होईनच. भावाचं लग्न. झालं लग्न. त्याची लेक आता शाळेत जाते आणि हा ड्रेस अजून हँगरवरून माझ्याकडे बघतोय. एकदा फसल्यावर माणसानं शहाणं व्हावं की नाही? नाही! हिरवाही तसाच शिवला, राखाडीही तसाच. लोक अंगाला कपडे शिवतात, मी कपड्याला अंग शिवायला निघाले. आणि काय काय नाही केलं — नुसतं सूप झालं, नुसती काकडी झाली, दिवस मावळला की तोंडाला कुलूप. नवरा बिचारा स्वयंपाकघरात चोरासारखा उभ्यानं जेवायचा. आणि वजन उतरायचं हो! उतरायचं, चार दिवस फिरून यायचं आणि येताना पाहुणे घेऊन यायचं.

मग आता काय झालं म्हणता? झालं काय — माझी आई राहते तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. काकडीचा आठवडा चालू होता, दुसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, बसले मटकन पायरीवर. तिच्यासाठी आणलेले कांदे गडगडत पार खाली. तो आवाज ऐकून आई उतरली — जिचं जिना उतरणं कधीचं बंद, ती — कठड्याला धरून, एकेका पायरीवर बसत बसत. माझ्या शेजारी टेकली आणि म्हणाली, "माझ्या आधी नंबर लावू नकोस हं." एवढंच. मग म्हणाली, "कांदे गोळा कर."

...जाऊ दे. डोळ्यात काहीतरी गेलं, तुमच्या इथं धागे फार उडतात — पंखा बंद आहे? बरं, बंद आहे.

तर आता सगळं सावकाश. खाते सगळं, पण ताट लहान घेतलंय, परत वाढून घेत नाही, आणि जेवल्यावर नवऱ्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत चालून येते — तोच आधी दमतो. धाकटी नणंद म्हणते, "वहिनी, या चालीनं तू पेन्शन सुरू झाल्यावर बारीक होशील." म्हटलं, होईन की, मला कुठं गाडी पकडायचीय? पण आईकडे जाताना पूर्वी दर मजल्याला थांबायचे ना, परवा एकदाच थांबले. तेही शेजारीण बोलत उभी होती म्हणून — बरं, दमलेही होते.

म्हणून म्हणते, हा उसवा. शिवणीच्या आत थोडी माया ठेवली असेल ना तुम्ही? बघू... एवढी! एवढी कशाला ठेवली होतीत — नको, सांगू नका. सगळी सोडा. आज मी आहे तेवढा मोठा करा, पुढची मी नकोच आता. पुढं कधी दोन बोटं सैल झाला तर तेव्हा आत घेऊ, परत झाला तर परत. कापून मात्र काही टाकू नका. रविवारी हाच घालून आईचा जिना चढायचाय मला. कधीचे टेप धरून उभे आहात, घ्या माप. या वेळी फसवाफसवी नाही, टेप ओढायला सांगणार नाही, जे आहे ते आहे — काय झालं? थांबलात का?

"ताई, पोट सोडा. मग घेतो."