मारलं आन् मारून टाकलं

माझं माहेर जतकडं, कर्नाटकाच्या शिवेवर, घरात कानडी, वाचायलाबी आईनं शिकवलेली, आन् शाळा मराठी. बारावी झाले, मग पिंपरी पेंढारला धनगराच्या घरात दिली. मेंढरं त्यांनी कवाच विकलेली, कांदा-टोमॅटोची शेती व्हती. इथं कानडी बोलायला कोण न्हाई, आईचा फोन येतो तेवढंच.

कोर्टाला कानडी येणारं माणूस पायजे व्हतं, पोलिस पाटलांनी माझं नाव दिलं. मॅजिस्ट्रेट साहेबांनी शाळेचा दाखला बघितला, कानडी पुस्तक वाचायला लावलं, त्याचं मराठी सांगायला लावलं, आरोपी नात्यातली हाय का विचारलं, आन् शपथ दिली. झाले दुभाषी. मालक म्हणतात, घरात एका भाषेत नीट बोलत न्हाईस, तिथं दोन भाषांत बोलणार व्हय! लई हसलो आमी.

ती आरोपी म्हंजे लक्कव्वा, विजापूरकडची, कांदा काढायला आलेली. नवरा दारू पिऊन अंगावर आला, हिनं खोऱ्याचा दांडा घातला, तिसऱ्या दिवशी तो दवाखान्यात वारला. जबाब देताना ती म्हणाली, होडदबिट्टे. आता होडद म्हंजे मारलं, आन् मागं बिट्टे आलं की मराठीत टाकलं म्हणायची मला सवय, खाऊन टाकलं, सांगून टाकलं, तसं. मी बोलले, मारून टाकलं. साहेबांनी तेच लिहिलं. मग लिहिलेलं तिला कानडीत वाचून दाखवायचं, तेबी मीच. मारून टाकलं आलं की माझ्या तोंडातून परत होडदबिट्टेच निघालं. ती म्हणाली, बरोबर हाय. अंगठा दिला. चूक तिथंच दडली, काय सांगू तुमाला.

महिन्याभरानं आईचा फोन. म्हणाली, चुलीपाशी कुत्रं शिरलं, होडदबिट्टे. आन् फोनात तिच्या मागं तेच कुत्रं भुंकत व्हतं. माझी भाकर तव्यावर करपली. मारून टाकलेलं कुत्रं भुंकतं का, भाऊ? जिवं मारायला कानडीत शब्दच येगळा हाय, तो लक्कव्वा बोललीच नव्हती. ती म्हणत व्हती, मारून बसले, म्हंजे हातून फटका बसला, जीव घेतला असं न्हाई.

मालक म्हणाले, गप बस, तुझ्यावरच केस करतील. दोन दिवस गप बसलेबी. मग तिच्या वकिलाकडं गेले. खटला वरच्या कोर्टात चालू झाला, तिथं मला साक्षीला उभं केलं. सरकारी वकील म्हणाला, बाई, शपथेवर तवा एक सांगितलं, शपथेवर आता दुसरं, खोटी शपथ कुठली? मी म्हणलं, साहेब, शपथा दोन्ही खऱ्या, मराठी चुकली. तो हसला. कोर्टानं लिहून घेतलं, मानलं का न्हाई ते निकालात कळंल. जन्मठेप का थोडी वर्षं, सगळं त्या एका शब्दावर हाय असं न्हाई, पण त्या शब्दावरबी हाय.

पोलिस तिला न्यायला लागले तवा तिनं इचारलं, अक्का, मघाशी काय बोललीस? मी कानडीत सांगितलं, तुझं बोलणं मी साहेबांना चुकीचं सांगितलं व्हतं. ती म्हणाली, चुकीचं कसं, तू वाचलंस ते माझंच व्हतं की.

निकाल पुढच्या महिन्यात हाय. वकील म्हणाले, तुमी या, तिला समजंल असं सांगणारं दुसरं कोण न्हाई. जाईन. देव तिच्या पदरात कमी वर्षं घालो, आन् किती घातली ते सांगताना माझी जीभ धड राहो.